विमानं गेली, जमीन परत आली का?

(कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण)



आज विमानाच्या धावपट्टीवर बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, आपल्या गावाला एसटी येत नाही, विमानाचं काय घेऊन बसलात? पण धावपट्टी जमिनीवरच असते, आणि ती जमीन आधी कुणाची तरी असते.

झारखंडात चाकुलिया आहे. शेजारी बंगालात दुधकुंडी, पियारडोबा. सालाच्या जंगलाचा, संथाळ-भूमिजांचा मुलूख. दुसऱ्या महायुद्धात तिथं विमानतळ झाले. १९४४ साली अमेरिकेची बी-२९ ही अवजड बॉम्बफेकी विमानं आली. त्यांच्यासाठी धावपट्ट्या दोन किलोमीटरहून लांब केल्या. पण जपानवर जायचं तर आधी हिमालय ओलांडून चीनमध्ये पेट्रोल वाहून न्यावं लागे. ते परवडेना. प्रशांत महासागरातली बेटं हाती आली आणि १९४५ मध्ये विमानं तिकडं गेली. काम जेमतेम वर्षभराचं.

पुढं काय झालं? चाकुलियाची धावपट्टी ओस पडली. दुधकुंडीला वायुदलाचा बॉम्बफेकीचा सराव सुरू झाला. म्हणजे एक काम संपलं की सरकारला दुसरं सापडतं. जमीन आपण होऊन मालकाला शोधत येत नाही.

युद्ध नसतानाही तेच. १९८१ साली सरकारनं छोट्या ठिकाणांसाठी वायुदूत कंपनी काढली. एकोणीस खुर्च्यांची विमानं. माणसं कमी, खर्च जास्त. १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन केली. विमान येवो न येवो, धावपट्टीला कुंपण, राखण, डागडुजी लागतेच. ती थांबली की फटीतून गवत वर येतं. लोक तिथं धान वाळवतात, गुरं चारतात. मग वाटतं, जमीन आपलीच झाली. इथंच फसगत आहे. वापर आपला, पण सातबारा सरकारचा.

कायदा काय म्हणतो? वनहक्क कायदा २००६, कलम ४(८): ज्यांना जमिनीचा मोबदला न देता घरादारातून, शेतीतून उठवलं आणि ती जमीन घेतल्यापासून पाच वर्षांत त्या कामाला वापरलीच नाही, त्यांना जमिनीचा हक्क आहे. भूसंपादन कायदा २०१३, कलम १०१: ताबा घेऊन पाच वर्षं न वापरलेली जमीन मूळ मालकाला, वारसांना किंवा सरकारच्या भूमी बँकेला जाईल. त्यातला 'किंवा' नीट वाचा. आणि दोन्हीकडे शब्द 'न वापरलेली' असा आहे. वर्षभर वापरून टाकून दिलेल्या जमिनीचं काय? साहेब म्हणतील, वापरली होती ना! चाकुलियासारखी जमीन या फटीत अडकते.

म्हणून प्रत्येक गावानं तीन कामं करावीत.

१. धावपट्टी, धरण, डेपो, कशासाठीही घेऊन पडीक टाकलेल्या जमिनीची यादी करा. कधी घेतली, कशासाठी, मोबदला किती, शेवटचा वापर कधी.

२. तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफार काढा. म्हाताऱ्या माणसांचे जबाब आत्ताच लिहून घ्या. माणूस गेला की पुरावा गेला.

३. पेसाप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेला विचारावं लागतं. विचारायला आले की ठरावात लिहा: काम संपलं की जमीन परत.

घेणाऱ्याला घाई असते तेव्हाच अट घालायची असते. नंतर कोण ऐकतो?

जोहार! ग्रामसभा जिंदाबाद!