वाय-फाय लागलंय, तरी नेट का नाही?

आजचा किस्सा माझ्या गावचा, सालेकसाचा.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यामुळे सुट्टीत घरी आलो की सगळ्यांचं एकच, "जरा नेट बघून दे ना." मागच्या सुट्टीत मामेभावाचा फोन आला. त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. बाजाराचा दिवस, त्यात शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख. गर्दी वाढली म्हणून त्याने दुसरा लॅपटॉप काढला, तर वाय-फाय जोडलेलं, पण नेट शून्य. "दादा, कंपनीचंच नेट गेलंय," तो म्हणाला. दोन पोरं वाट बघून आमगावला निघूनही गेली होती.

पण गंमत बघा, त्याच दुकानात त्याच्या फोनवर नेट मस्त चालू होतं. मग कंपनीचा काय दोष?

मी लॅपटॉपचा आयपी पत्ता बघितला. सुरुवात १६९.२५४ ने. तिथेच कळलं. राऊटरकडून पत्ता मिळाला नाही, की विंडोज स्वतःच असा कामचलाऊ पत्ता लावून घेतं. त्यावर बाहेरचं इंटरनेट चालत नाही.

आता हा पत्ता देतं कोण? डीएचसीपी. आपला फोन नेटवर्कमध्ये आला की ओरडतो, "कोणी पत्ता देतं का?" राऊटर म्हणतो, "हा घे." फोन म्हणतो, "चालेल, हाच द्या." राऊटर म्हणतो, "दिला, पण एवढ्याच वेळेसाठी." त्या मुदतीला लीज म्हणतात. निम्मी मुदत झाली की फोन स्वतःच ती वाढवून मागतो.

१९८५ च्या बूटपी पद्धतीत कोणत्या मशीनला कोणता पत्ता, हे कुणीतरी आधी लिहून ठेवायचं. पत्ता मुदतीवर द्यायचा आणि परत घ्यायचा, ही सोय डीएचसीपीने आणली. राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेलं त्याचं १९९७ चं मानक आजही पाया आहे.

आपल्या कचारगडच्या यात्रेसारखंच आहे हे. माघ पौर्णिमेला माणसं येतात, मुक्काम करतात, जातात, जागा मोकळी होते. पण गेलेल्या माणसाची जागा दुसऱ्या दिवसापर्यंत अडवून ठेवली तर?

दुकानात तेच झालं होतं. पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला. राऊटरकडे वाटायला पत्ते फक्त ५०, लीज २४ तासांची. कुणी झेरॉक्सला आला, फोन जोडला, पाच मिनिटांत गेला, पण पत्ता दिवसभर त्याच्याच नावावर!

"पण दादा, राऊटर बंद-चालू केला की चालतं ना?" चालतं. कारण बरेच राऊटर तेव्हा आपली वही विसरतात. पण पन्नास लोक आले की पुन्हा तेच.

मी लीज १ तासाची केली, पत्ते २०० केले आणि राऊटर पुन्हा सुरू केला. दरेकसाकडची एक मुलगी सकाळपासून बसून होती. तिचा फॉर्म गेला, पावती निघाली. आमगावला गेलेल्या त्या दोघांचं काय झालं, माहीत नाही. तेवढं मनात राहिलं.

म्हणून सांगतो, तुमचं दुकान, लायब्ररी, अभ्यासिका असेल आणि "काहींचं चालतं, काहींचं नाही" असं झालं, तर कंपनीला फोन लावायच्या आधी पत्ता बघा. १६९.२५४ दिसला, तर आधी राऊटरची वही तपासा. आणि जिथे माणसं ये-जा करतात, तिथे मुदत छोटी ठेवा.

चला, भेटू पुढच्या भागात!