कड्यावरचा श्वास

प्रस्तरारोहण करणारी माणसं जिवावर उदार झालेली असतात, असं अनेकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. कड्यावर माणूस जिवाला जितका जपतो, तितका रस्ता ओलांडतानाही जपत नाही.

सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेला. लिंगाण्यासारखा सुळका लांबून अभेद्य वाटतो, पण कातळ जागोजागी सुटा असतो. म्हणून वजन टाकण्याआधी पकडीवर तळव्याने थाप मारायची. आवाज भरीव आला तर ठीक. पोकळ आला, की दुसरी पकड शोधायची. दोन हात, दोन पाय यांपैकी तीन कायम कातळावर, हलवायचा तो चौथा. या हिशेबात कालची भांडणं आणि उद्याची कामं डोक्यात शिरतच नाहीत.

खरी अडचण येते ती पाय लटपटू लागले की. भीतीने श्वास कोंडतो, मुठी आवळल्या जातात आणि हात लवकर भरून येतात. अशा वेळी मी थांबतो, टाचा किंचित खाली सोडतो आणि श्वास सावकाश बाहेर टाकतो. इगतपुरीच्या धम्मगिरी या ध्यानकेंद्रात विपश्यनेची सुरुवातही येत्या-जात्या श्वासाकडे पाहण्यानेच होते. तिथे बैठक जमिनीवर असते, एवढाच फरक.

तुम्हालाही चढायचं असेल, तर अनुभवी संस्थेबरोबर, हेल्मेट घालून आणि पावसाळा टाळून सुरुवात करा. आणि दोराची गाठ कितीही नीट बांधली, तरी जोडीदाराकडून तपासून घ्याच.