मागच्या पानावरची उत्तरं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांचा फोन आला, "तू कॉम्प्युटरवर मुलांच्या चाचण्या बनवतोस म्हणे, त्यावर दहा मिनिटं बोल." मी म्हटलं, एवढं जेवणानंतर ठेवू नका, लोक झोपतील. त्यांनी जेवणानंतरच ठेवलं. तेव्हा ज्यांना डुलकी येईल त्यांनी खुशाल घ्यावी, फक्त गणिताच्या सरांनी जागं राहावं. मला त्यांच्याशीच काम आहे.

आपलं दहावीचं वर्ष आठवा. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. त्या पहाटेबद्दल इथे बसलेल्या कोणाला मी काही सांगावं अशी गरज नाही. काही बाकं पुन्हा भरलीच नाहीत. शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरू लागली तेव्हा पुस्तकं निम्म्यांकडे नव्हती, आणि सर सायक्लोस्टाइल केलेले सरावाचे कागद घेऊन यायचे. मेणाच्या स्टेन्सिलवर लोखंडी टोकाने लिहिलेले. चूक झाली की वर नेलपॉलिशसारखं काहीतरी फासून पुन्हा लिहिलेलं. हाताला शाई लागायची आणि वास दिवसभर जायचा नाही.

त्या कागदाच्या पुढच्या बाजूला प्रश्न असायचे. मागच्या बाजूला उत्तरं, पण नुसती बरोबर उत्तरं नव्हे. ३०२ वजा ८७ असा प्रश्न असेल तर मागे लिहिलेलं असायचं: "३८५ आलं? मोठ्यातून लहान वजा करत सुटलास. वरचा आकडा वर, खालचा खाली. ३१५ आलं? शतकातून हातचा घेतलास, पण शतक कमी केलं नाहीस. २२५ आलं? दशकातून घेतलेला विसरलास." मला २२५ यायचं. माणूस समोर नसताना आपली चूक कागदाला कळते, याचं मला फार आश्चर्य वाटायचं. त्यातला एक कागद मी अजून जपून ठेवला आहे. आज आणला आहे, नंतर दाखवतो. घड्यांवर फाटत आलाय, ओढू नका.

आता कॉम्प्युटरकडे येतो. मी कॉलेजात गणित शिकवतो आणि प्रश्नपत्रिका लाटेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितो. ही मुळात अक्षरजुळणीची व्यवस्था आहे. अमेरिकेतले डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ साली स्वतःच्या पुस्तकाची नवी प्रुफं पाहिली आणि गणिताची छपाई इतकी वाईट दिसली की त्यांनी पुस्तक बाजूला ठेवून छपाईचा प्रोग्रॅमच लिहायला घेतला. लवकर उरकेल असं वाटलेलं काम जवळजवळ दहा वर्षं चाललं. त्याचं नाव टेक. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर सोपा थर चढवला, तो लाटेक. दोन्ही फुकट. क्नूथ पुस्तकातली चूक पहिल्यांदा दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवत. आपले सर फळ्यावरची चूक दाखवणाऱ्याला लिमलेटची गोळी द्यायचे. माझ्या मते सरांचा दर जास्त होता.

वर्डमध्ये आपण माउसने अपूर्णांक जुळवत बसतो. इथे नुसतं लिहायचं: बॅकस्लॅश, फ्रॅक, महिरपी कंसात ३, महिरपी कंसात ४. कागदावर पाऊण नीट उभा राहतो. डी. पी. स्टोरी हे अ‍ॅक्रन विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी एक्झरक्विझ नावाची पुरवणी लिहिली आणि त्याच पीडीएफमध्ये बटणं आली. मूल पर्यायावर टिचकी मारतं, पीडीएफ सांगते बरोबर की चूक, शेवटी गुण मोजते, आणि उत्तराच्या स्पष्टीकरणाच्या पानावर घेऊन जाते. मोठ्या वर्गांसाठी तर आणखी गंमत आहे. उत्तर २x + ६ असेल आणि मुलाने २(x + ३) लिहिलं, तर यंत्राने काय करायचं? ते x च्या जागी मनाला येतील त्या किमती घालून दोन्ही बाजू तपासतं. सगळीकडे जुळलं तर बरोबर. आपणही उत्तर जुळतंय का हे बघायला असंच करायचो.

हे पाहिलं तेव्हा मला सरांचं मागचं पान आठवलं. म्हटलं, आपल्या गावाकडच्या पाचवीच्या स्कॉलरशिपच्या मुलांसाठी हे करू. बहुपर्यायी प्रश्नच असतात, ७५ प्रश्न आणि १५० गुणांचा एकेक पेपर. सोपं काम.

सोपं नव्हतं. पहिली अडचण मराठीचीच. शाळेकडचे जुने प्रश्न जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाईप केलेले. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडले की इंग्रजी अक्षरांचा खिचडा. ते सगळं पुन्हा युनिकोडमध्ये टंकावं लागलं. मग झीटेक वापरलं आणि आयआयटी मुंबईने मोफत दिलेला शोभिका फाँट घेतला, तेव्हा जोडाक्षरं सुधारली. तुम्ही म्हणाल, ल आणि श कसा का दिसेना. पण पाचवीतलं मूल पुस्तकात एक ल बघतं आणि पडद्यावर हिंदी वळणाचा दुसरा, तर ते प्रश्न सोडून अक्षराकडे बघत बसतं. २००९च्या शासन निर्णयात मराठी वळण ठरवून दिलं आहे ते काही उगाच नाही.

दुसरी अडचण मोठी. मी चाळीस प्रश्नांची पीडीएफ गावाकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि रात्री फोनची वाट पाहिली. फोन आला: "दादा, बटणं दाबली तर काहीच होत नाही." त्या पीडीएफच्या आत जावास्क्रिप्ट असते. ती कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये चालते, फोनवरचे बहुतेक पीडीएफ वाचक ती चालवतच नाहीत. माझ्या टेबलावर कॉम्प्युटर होता आणि मुलांच्या हातात बापाचा फोन, तोही बाप रानातून आल्यावर. हे मला आधी सुचायला हवं होतं.

मग मूडल धरलं. ही मोफत शिक्षण-व्यवस्था फोनच्या ब्राउझरमध्ये चालते, आणि लाटेकमध्ये लिहिलेले प्रश्न तिच्यात चढवणारी पुरवणी मिळते. फायदा असा की प्रश्न एकदाच लिहायचा. त्याच मजकुरातून छापायचा कागद निघतो, पीडीएफ निघते आणि फोनवरची चाचणीही निघते. ज्या घरी फोन नाही तिथे कागद जातो. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडला, पुढे बालभारतीच्या पुस्तकांत तो आला, आणि २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, हे तुम्हाला माहीतच आहे. तीच युक्ती मी उचलली. कागदाच्या कोपऱ्यात कोड छापतो. फोन असेल त्याने स्कॅन करावा, नसेल त्याने कागद उलटावा.

एवढं करूनही एका मुलीला दहापैकी शून्य मिळालं. रिकामी जागा भरा अशा दहा बेरजा-वजाबाक्या होत्या. मी तिची उत्तरं काढून पाहिली, तर दहाच्या दहा बरोबर. तिने आकडे देवनागरीत टाईप केले होते, जसे पुस्तकात असतात तसे. यंत्राला फक्त इंग्रजी आकडे ओळखता येत होते, त्याने मराठी पाच हा आकडाच धरला नाही. मी दुरुस्ती केली, आता दोन्ही चालतात. पण मधले चार दिवस ती मुलगी चाचणीला बसलीच नाही. "मला गणित येत नाही," असं तिने आईला सांगितलं होतं. मी तिला फोन करून माफी मागितली. सरांनी कधी बरोबर उत्तराला शून्य दिलं नव्हतं.

म्हणून आज तुमच्यापुढे उभा आहे. बटणं मी करीन, ते माझं काम. मला जमत नाही ते चुकीचे पर्याय. पाव अधिक अर्धा यात बरोबर उत्तर मला येतं, पण मूल कोणतं चुकीचं उत्तर काढेल आणि का, ते मला कळत नाही. अर्धा अधिक एक तृतीयांशचे पर्याय मी आधी मनाने दिले होते. सरांना फोनवर विचारलं तर सर झटकन म्हणाले, "दोन पंचमांश दे, वरचे वर आणि खालचे खाली मिळवणारे त्यात जातात. दोन षष्ठांश दे, छेद सारखा करून वरचे तसेच ठेवणारे त्यात. एक षष्ठांश दे, गुणाकार करणारे त्यात." तीन वाक्यांत माझं आठवड्याचं काम झालं. नेमका चुकीचा पर्याय निवडला की आता पडद्यावर सरांचं वाक्य येतं, सरांच्याच शब्दांत. मुलं विचारतात, हे कोण बोलतंय?

सर, आपण अठ्ठ्याहत्तरीत आहात. बाई, आपल्याही भूगोलाच्या आणि मराठीच्या वह्या घरी असतील. शुद्धलेखनात मुलं कुठे दीर्घ करतात, नकाशात मांजरा आणि तेरणा कुठे अदलाबदल करतात, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक? त्या वह्या मला हव्या आहेत. मी नेणार नाही, इथेच फोनवर फोटो काढून परत देईन. टंकायला आपल्या बॅचमधल्या तिघांनी होकार दिला आहे. आणखी दोघं हवेत, मराठी टायपिंग येत नसेल तर शिकवतो. आणि शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये एक छोटा सर्व्हर आणि राउटर बसवला तर नेट नसतानाही मुलं आपापसात चाचणी सोडवू शकतील. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे, खोलीच्या खिडकीला जाळी बसवायची राहिली आहे. खिडकीचं माप माझ्याकडे आहे. वेल्डिंगवाले आपले मित्र मागच्या रांगेत बसलेत, ते मान हलवताहेत, म्हणजे झोपलेले नाहीत.

चहाच्या वेळी मी दाराजवळच्या टेबलावर आहे. सरांचा तो कागद तिथेच ठेवतो. मागची बाजू वर करून.