'आयन ड्राइव्ह' नावाचा शब्द
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि मागे पाने मांडायची लगबग ऐकू येते आहे. त्यामुळे प्रास्ताविकाला फाटा देतो. आज बोलायचे आहे एकाच शब्दावर : आयन ड्राइव्ह. विज्ञानकथा वाचणाऱ्यांना तो ओळखीचा असेल. अंतराळयानाचे हे इंजिन कथेत आले की समजायचे, आता यान सुसाट निघणार.

यातला 'आयन' आपण शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिला आहे. म्हणजे दिसला नाही, पण मोरचुदाच्या निळ्या द्रावणातून वीज सोडल्यावर ऋण टोकाच्या पट्टीवर तांबे चढले, ते त्याचेच काम. द्रावणातून टोकाकडे 'जाणाऱ्या' या कणांना मायकेल फॅरडेने १८३४ साली हे नाव दिले. त्यासाठी त्याने विल्यम व्ह्यूएल या केंब्रिजच्या विद्वानाचा सल्ला घेतला होता. ग्रीकमध्ये 'आयन' म्हणजे जाणारे. संस्कृत घेतलेल्यांनी इथे कान टवकारावेत. आपल्या उत्तरायणातले 'अयन' म्हणजेही जाणे, आणि भाषाशास्त्रज्ञ हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन धातूपर्यंत नेतात. तेव्हा हा पाहुणा अगदीच परका नाही.

'ड्राइव्ह' मात्र कथाकारांचा. अभियंते 'आयन इंजिन' किंवा 'आयन प्रणोदन' म्हणतात. इंजिनाला 'ड्राइव्ह' म्हणायची रीत अमेरिकन विज्ञानकथा-मासिकांतून रुळली. हायपरड्राइव्ह, वॉर्प ड्राइव्ह ही त्याच घराण्यातली भावंडे. फरक इतकाच, की त्या दोघांचे इंजिन अजून कोणी बांधलेले नाही आणि आयनचे बांधले आहे.

लोक कौतुकाने म्हणतात, विज्ञानकथा भविष्य सांगतात. मला हे पटत नाही, निदान या बाबतीत तरी नाही. विजेने कण फेकून यान ढकलावे हा विचार रॉबर्ट गोडार्डने १९०६ मध्ये आपल्या वहीत टिपला होता. रशियात त्सिओलकोव्हस्कीने १९११ मध्ये तसेच सुचवले. हर्मन ओबर्थने १९२९ च्या ग्रंथात विजेवर चालणाऱ्या यानाला एक आख्खे प्रकरण दिले. म्हणजे कल्पना शास्त्रज्ञांची, कथाकारांनी ती उसनी घेतली. मात्र हाच ओबर्थ लहानपणी ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाने झपाटलेला होता, आणि त्या कादंबरीत माणसांना तोफेतून चंद्राकडे उडवले आहे! प्रत्यक्षात त्या धक्क्याने आतल्यांचा चेंदामेंदा झाला असता. कथेतले यंत्र चुकीचे होते, पण पोरगा योग्य वाटेला लागला.

आता कथांनी या शब्दाचे काय केले ते पाहा. १९६८ साली 'स्टार ट्रेक'च्या एका भागात आयन शक्तीवर चालणारे परके यान दिसते आणि प्रकाशापेक्षा वेगाने फिरणाऱ्या 'एंटरप्राइझ'वरची मंडळी ते पाहून थक्क होतात. गंमत म्हणजे त्याआधी चार वर्षे, २० जुलै १९६४ रोजी, 'नासा'च्या 'सर्ट-१' या यानावर आयन इंजिन अवकाशात ३१ मिनिटे चाललेही होते. पुढे १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये किंचाळत झेपावणारी 'टाय' लढाऊ याने आली. टाय म्हणजे 'ट्विन आयन इंजिन', जुळी आयन इंजिने.

खरे इंजिन किंचाळत नाही. त्यात झेनॉन वायू भरतात. त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन काढला की आयन तयार होतात. ते हजारभर व्होल्ट दाब असलेल्या दोन जाळ्यांमधून सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने मागे फेकले जातात. उत्तम रासायनिक रॉकेटचा झोत साडेचार किलोमीटरच्या आसपास अडकतो. शिवाय काढलेले इलेक्ट्रॉनही झोतात परत सोडावे लागतात, नाहीतर यानावर ऋण भार साठत जाईल आणि फेकलेले आयन मागे ओढले जातील.

आणि एवढ्या खटाटोपातून जोर किती मिळतो? 'डीप स्पेस १' या यानाच्या इंजिनाचा कमाल जोर साधारण ९० मिलिन्यूटन होता. तळहातावर ए-फोर आकाराचे दोन कोरे कागद ठेवा, त्यांच्या भाराएवढा. पृथ्वीवरून या इंजिनाने टाचणीदेखील उडणार नाही, कारण ते हवेत चालतच नाही. पण निर्वातात ते महिनोन्‌महिने ढकलत राहते आणि इंधन अगदी थोडे पिते.

'सर्ट-१' नंतर आयन इंजिनाच्या जोरावर ग्रहांच्या वाटेला लागणारे पहिले यान निघायला ३४ वर्षे गेली. मधल्या काळात रशियन उपग्रहांवर वेगळ्या धाटणीची विद्युत इंजिने चालत होती, पण सामान्य माणसाच्या कानावर हा शब्द राहिला तो कथांमुळेच. मार्क रेमन हे 'डीप स्पेस १' आणि नंतर 'डॉन' या दोन्ही मोहिमांतले एक प्रमुख अभियंते. आपण हा शब्द पहिल्यांदा 'स्टार ट्रेक'मध्ये ऐकला, असे त्यांनीच सांगितले आहे. कथाकारांचे श्रेय मी तिथे मानतो. शोध त्यांचा नव्हे, शब्दाची धग त्यांनी विझू दिली नाही.

'डीप स्पेस १' ऑक्टोबर १९९८ मध्ये उडाले. नोव्हेंबरात इंजिन सुरू केले, ते साडेचार मिनिटांत बंद पडले. बहुधा जाळ्यांमध्ये कचऱ्याचा कण अडकला होता. दोन आठवड्यांनी ते पुन्हा सुरू झाले आणि पुढे एकूण १६ हजारांहून अधिक तास चालले. 'डॉन'ची कथा याहून थरारक. खर्च आणि तांत्रिक अडचणी वाढल्या म्हणून मार्च २००६ मध्ये मोहीम रद्द झाली आणि त्याच महिन्यात फेरविचार होऊन जिवंतही झाली. या यानावर तीन आयन इंजिने, म्हणजे 'टाय'पेक्षा एक जास्त, पण एका वेळी एकच चालवायचे. शून्यापासून ताशी ९६ किलोमीटरचा वेग गाठायला त्याला चार दिवस लागत. आपली एसटी त्याला सहज मागे टाकेल!

तेच यान २००७ मध्ये निघून २०११ मध्ये वेस्ता या लघुग्रहाच्या कक्षेत शिरले. वर्षभराहून अधिक काळ तिथे राहून ते बाहेर पडले आणि मार्च २०१५ मध्ये सेरेसच्या कक्षेत गेले. पृथ्वी सोडून दोन वेगवेगळ्या खगोलांभोवती मुक्काम करणारे ते पहिलेच यान. एवढ्या प्रवासात त्याची इंजिने सगळी मिळून जवळजवळ सहा वर्षे चालू होती.

२०१८ च्या अखेरीस त्याचा आवाज थांबला. दोष आयन इंजिनाचा नव्हता. तोंड वळवण्यासाठी वापरायचे हायड्राझिन, म्हणजे साधे रासायनिक इंधन, संपले आणि अँटेना पृथ्वीकडे रोखता येईना. यान आजही मुक्याने सेरेसभोवती फिरते आहे.