विमानं गेली, जमीन अडकली

कल्याणहून मलंगगडाच्या रस्त्याला लागलं की काही वेळानं नेवाळी नाका येतो. बदलापूरहून काटईकडे जाणारा रस्ता इथंच त्याला छेदतो. रिक्षा, टेम्पो, खडीचे डंपर, वडापावच्या गाड्या, नव्या इमारतींच्या जाहिराती, असा सगळा गजबजाट. इथं शेजारीच दुसऱ्या महायुद्धातला एक विमानतळ आहे असं सांगितलं, तर नव्यानं राहायला आलेला माणूस चेष्टा समजेल. आसपासच्या गावांतल्या आगरी घरांत मात्र हा विषय काढून बघा. चहा थंड होईल, पण गोष्ट संपणार नाही.

ही धावपट्टी इथं का आली, ते आधी सांगतो. मार्च १९४२मध्ये रंगून पडलं. एप्रिलच्या पाच तारखेला कोलंबोवर आणि दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टण व काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. युद्ध आता दाराशी आलं होतं. इंग्रज सरकारनं हिंदुस्थानभर दोनशेहून अधिक विमानतळांची आखणी केली आणि ते काम झपाट्यानं सुरू झालं. यंत्रं थोडी आणि माणसं पुष्कळ, असा तो काळ. डोक्यावरच्या पाट्यांनी खडी वाहून, रूळ फिरवून मैल मैल लांबीच्या पट्ट्या तयार झाल्या. मुंबई हे मोठं बंदर. तिच्या पाठीशी असलेलं कल्याण म्हणजे रेल्वेचं जंक्शन, जवळून वाहणारी उल्हास नदी आणि पूर्वेला सपाट भातशेती. लष्कराच्या दृष्टीनं याहून सोयीची जागा कोणती? वर मलंगगडाचा सुळका लांबूनही चुकत नाही. वैमानिकांना ती आयतीच खूण मिळाली असणार.

सोयीची म्हणजे लष्कराच्या सोयीची. ज्यांची शेतं होती त्यांच्यासाठी तो हुकूम होता. १९३९च्या भारत संरक्षण कायद्यानं सरकारच्या हाती अफाट अधिकार आले होते. नोटीस आली की जमीन सोडायची. नेवाळी आणि आजूबाजूच्या गावांची मिळून दीड हजार एकरांहून जास्त जमीन अशी गेली. भाताचं शेत म्हणजे नुसती माती नसते. पिढ्यान्‌पिढ्या घातलेले बांध, या खाचरातून त्या खाचरात पाणी सोडण्याच्या वाटा, आणि ‘आमचं आंब्यापासून ओढ्यापर्यंत’ अशा तोंडी सांगितलेल्या हद्दी. धावपट्टीला सपाटी लागते. बांध मोडले, खाचरं बुजली, वर खडी दाबली गेली. उद्या जमीन परत मिळाली तरी माझं खाचर नेमकं कुठलं, हे दाखवायला जागेवर काही उरलं नाही.

युद्ध १९४५मध्ये संपलं. त्यानंतर त्या धामधुमीतल्या बांधकामांचं काय झालं, हे बघायला लांब जायला नको. मुंबईचा सांताक्रूझ विमानतळ हा रॉयल एअर फोर्सचाच तळ होता. १९४८मध्ये नागरी विमानांची वाहतूक जुहूहून तिकडे हलली आणि बघता बघता तो देशाचा मोठा विमानतळ झाला. त्याच्या लष्करी जन्माची आठवण आज कुणाला होत नाही.

कल्याणजवळच लष्कराची एक मोठी छावणीही होती. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या माणसांना त्या छावणीच्या बराकींत ठेवण्यात आलं. पडदे लावून एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आज तिथं बराकीच्या जागी चार-पाच मजली इमारती आहेत, कापडाचा आणि फर्निचरचा बाजार आहे. पण पत्ता विचारलात तर उत्तर येतं, ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’. सैनिक जाऊन पाऊणशे वर्षं उलटली, तरी त्यांनी घातलेले आकडे शहराच्या तोंडी आहेत. कितीतरी पत्त्यांत बराकीचा नंबरही असतो. मला स्वतःला हा युद्धाचा सर्वांत जिवंत अवशेष वाटतो. एखाद्या संग्रहालयातल्या तोफेपेक्षा पोस्टमनच्या हातातला हा पत्ता जास्त बोलका आहे.

छावणीचं शहर झालं, तळाचा विमानतळ झाला. नेवाळीचं यातलं काहीच झालं नाही. विमानं गेली, जमीन संरक्षण खात्याकडे राहिली आणि पुढं नौदलाकडे आली. पट्टीवर गवत वाढलं, खडी सुटी झाली, गुरं चरू लागली. आणि गावकरी? पावसाळा आला की ते नांगर घेऊन आपल्या, म्हणजे आपल्या समजुतीप्रमाणे आपल्या, जमिनीत उतरत राहिले. भात लावलं, कापलं, झोडलं. वर्षानुवर्षं कुणी फारसं अडवलं नाही. कागदावर एक मालक आणि चिखलात दुसरा, असं चालत राहिलं. अधूनमधून या जागेला मोठमोठी स्वप्नंही पडत. नवी मुंबईच्या विमानतळाला पर्यावरणाची परवानगी मिळायला अडचण येत होती, तेव्हा पर्याय म्हणून कल्याणचं नाव पुढं आलं होतं. पुढं २०१०मध्ये नवी मुंबईला परवानगी मिळाली, २०२५मध्ये तिथल्या विमानतळाचं उद्घाटनही झालं, आणि कल्याणचं नाव मागं पडलं.

नौदलानं जागेला भिंत घालायला सुरुवात केली तेव्हा मात्र इतक्या वर्षांचा तो मुका समझोता मोडला. २२ जून २०१७. मृग सरून आर्द्रा लागण्याचे दिवस, भातशेतीच्या ऐन घाईचे. गावकरी रस्त्यावर उतरले, नेवाळी नाक्यावर रस्ते अडवले गेले, पोलिसांच्या गाड्या पेटल्या, छऱ्यांच्या बंदुका चालल्या. शेतकरी जखमी झाले, पोलीसही जखमी झाले. जाळपोळीचं समर्थन कुणी करू नये, मीही करत नाही. पण त्या दिवशी दूरचित्रवाणीवर धूर बघून ‘अचानक भडका’ असं जे म्हटलं गेलं, ते मला पटलं नाही. पंचाहत्तर वर्षं धुमसणाऱ्या गोष्टीला अचानक कसं म्हणायचं?

भांडणाचा गाभा दोन शब्दांत आहे. अधिग्रहण आणि संपादन. ऐकायला जुळी भावंडं, पण कायद्यात त्यांचं गोत्र वेगळं. अधिग्रहण म्हणजे गरजेपुरता ताबा. मालकी मूळ माणसाचीच राहते. संपादन म्हणजे मोबदला देऊन कायमची मालकी. शेतकरी म्हणतात, युद्धापुरती घेतली होती, युद्ध संपलं, परत द्या. नौदल म्हणतं, जमीन रीतसर सरकारची झाली आहे. निवाडा करायला मी न्यायाधीश नव्हे. तरी कायद्यातली एक गंमत सांगतो. १९५२मध्ये स्थावर मालमत्तेच्या अधिग्रहणाचा जो कायदा झाला, त्यात म्हटलं आहे की मालमत्ता परत करताना शक्यतो ताबा घेताना होती तशा स्थितीत परत करावी. त्याच कायद्यात पुढं अशीही सोय आहे की सरकारी खर्चानं तिथं बांधकाम झालं असेल आणि ते राखायचं असेल, तर मालमत्ता कायमची संपादन करता येते. म्हणजे ज्या खडीनं बांध मोडले, तीच खडी सरकारच्या बाजूनं साक्षीला उभी राहू शकते! कायदा करणाऱ्यांनी भाताचं खाचर पाहिलं होतं की नाही, कोण जाणे.

मग पुरावा कुठं शोधायचा? ज्यांनी नोटीस हातात घेतली ती पिढी गेली. नातवंडांकडे ऐकीव गोष्टी आहेत आणि गोष्टींना न्यायालयात मर्यादित किंमत असते. उरतात ते कागद. जुने सातबारा, फेरफाराच्या नोंदी, मोबदल्याच्या पावत्या असतील तर त्या. यातही एक मेख आहे. १९५०च्या आसपासपर्यंत आपल्याकडचे कितीतरी महसुली कागद मोडीत लिहिले जात. नक्कल हाती आली तरी शिकलेल्या नातवाला त्यातलं अक्षर लागत नाही. आणि तिथं लिहिलेला शब्द ‘ताबा’ आहे की ‘मालकी’, यावर सगळं अवलंबून. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडी लिपीचे वर्ग चालतात. अशा वर्गांत इतिहासाचे विद्यार्थी असतात, हौशी मंडळी असतात आणि मागच्या बाकावर एखादा असाही बसलेला असतो, ज्याच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली घरची एक जुनी नक्कल असते. शिवकालीन पत्रांशी त्याला कर्तव्य नसतं. त्याला फक्त ते एक पान वाचायचं असतं.