मुळशीच्या पावसात घरातली वीज

मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात वीज तयार करतं; पण इथला पाऊस घराघरांच्या भिंतींत मुरतो. बटणाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर कोरड्या हाताने मेन स्विच बंद करा आणि वायरमन बोलवा. पौड-पिरंगुटला ओळखीचा कारागीर मिळेलच, पण परवाना आहे का, हे मोकळेपणाने विचारा. त्यात कसला संकोच? वायरिंग बदलायचं तर काम परवानाधारक विद्युत ठेकेदारालाच द्या. अर्थिंग मोजून दाखवायला सांगा. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्याच. वीज अंगातून जमिनीत जाऊ लागली, की तो क्षणात पुरवठा तोडतो. त्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबून बघा, खटका पडलाच पाहिजे. बिघाड खांबापासून मीटरपर्यंत असेल, तर महावितरणला १९१२ वर कळवा.