घराण्याचा शोध आणि गावचे दप्तर

(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार निघाला की पोटापाण्यासाठी दूर गेलेली घराणी गावी येतात. कळसाचे दर्शन झाले की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "आमचे मूळ घर कोणते?" पणजोबांचे नाव ऐकून ठाऊक असते; त्यापुढे गाडे अडते. मग सरकारी दप्तराची आठवण होते.

शिरगणतीच्या कागदांत सारे मिळेल, असा पुष्कळांचा समज असतो. आपल्या देशात पहिली शिरगणती 1872 साली झाली आणि 1881 पासून 2011 पर्यंत ती दर दहा वर्षांनी होत आली. पण घरोघर भरलेले ते कागद तक्ते तयार करण्यापुरते होते. तक्ते उरले, नावे उरली नाहीत. शिवाय 1948 च्या कायद्याने माणसागणिक दिलेली माहिती गुप्त ठेवली आहे. इंग्लंडात 1921 च्या गणतीचे कागद शंभर वर्षांनी, 2022 साली, लोकांना पाहावयास मिळाले. आपल्याकडे तशी सोय नाही. अपवाद 1951 च्या गणतीवरून केलेल्या नागरिकांच्या राष्ट्रीय रजिस्टराचा. ज्या तालुक्यात ते वाळवीतून वाचले असेल, तेथे कुटुंबागणिक नावे सापडतात.

खरा आधार गाव नमुना नंबर 14 चा, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदवहीचा. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. जुन्या वह्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. अर्ज केल्यावर नक्कल मिळते. मात्र आजोबांचे नाव शोधीत गेलेला माणूस पुष्कळदा रिकाम्या हाताने परततो. कारण नोंद व्हायची बाळ जन्मल्यावर, आणि बारसे व्हायचे बाराव्या दिवशी. म्हणून वहीत बापाचे नाव आणि पुढे नुसते 'मुलगा' किंवा 'मुलगी'. आजोबांचा जन्म शोधायचा तो पणजोबांच्या नावाने!

सालही अंदाजाने धरावे लागते. शाळेच्या दाखल्यावर भरवसा ठेवावा, तर आपल्याकडे निम्मा गाव 1 जूनला जन्मलेला. गुरुजींनी मूल शाळेत घालताना सोय पाहिली. त्यांना तरी काय दोष द्यावा? तेव्हा पाच वर्षे अलीकडची आणि पाच पलीकडची पाने चाळावीत. मृत्यूच्या नोंदीही वगळू नयेत. 1918 च्या मानमोडीच्या साथीत एकेका घरातील दोन-दोन, तीन-तीन माणसे गेली. वंशावळीत ज्यांचे नाव कोणी घेत नाही असे चुलते, अशा आत्या त्या सालच्या पानांवर भेटतात.

जुनी पाने मोडीत असतात आणि आडनाव पुष्कळदा नसतेच. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. एवढे दोन शब्द कळले तरी अर्धे पान उलगडते. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मान आला. एरवी हे रुमाल सोडतो कोण? त्र्यंबकेश्वरच्या, नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्याही आहेत. तेथे आपले गाव सांगावे लागते. यात्रेला गेलेल्या पूर्वजांची नावे त्या वहीत निघतात.

एवढे करूनही जन्माची नोंद न सापडली, तर ती नाहीच असे समजू नये. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. बाळ जेथे जन्मले तेथल्या वहीत त्याची नोंद. म्हणजे आजोबांच्या जन्माची ओळ आपल्या गावच्या दप्तरात नसून त्यांच्या आजोळच्या दप्तरात असावयाची. वंशावळी लिहिताना बायकांना वगळण्याची जी रीत पडली, तिने हा रस्ता बंद करून ठेवला. बाप, आजा, पणजा अशी सात पिढ्यांची पुरुषांची नावे घडाघडा म्हणणाऱ्याला पणजीचे माहेर विचारावे. तो वर आढ्याकडे पाहू लागतो.

ते माहेर कोणते, हे घरातील थोरल्या आजीला ठाऊक असते. सोहळ्याला आलेल्यांनी परतीची एस.टी. धरण्यापूर्वी तिच्यापाशी घटकाभर बसावे, ती सांगेल ती गावे लिहून घ्यावीत आणि तिचे स्वतःचे माहेरचे नावही विचारून घ्यावे.